मागून सुटलेला धूर

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

काल संध्याकाळी नाटकाच्या तालमीत आमच्या नायिकेनं, ऋतुजानं रायफलीचा चाप ओढला आणि तिथून माझं सगळं बदललं. धूर नळीच्या पुढून निघाला तसा मागच्या फटीतूनही — सरळ तिच्या डोळ्यावर! गोळी नव्हती, नुसती दारू. डोळा वाचला. भुवई जळाली. "एका बाजूचा मेकअप वाचला की रे," म्हणाली.

महानाट्यासाठी ही जुन्या रायफलीची नक्कल आमच्याच वर्कशॉपात झाली. बनवली लेथवरच्या टर्नर निंगप्पामामांनी. सगळ्यांसमोर त्यांची कॉलर धरली मी! वर्कशॉपचे मालक गंगाधरशेठ, त्यांनी मामांना कामावरून काढलं. बरं झालं.

७ फेब्रुवारी

बुधवारी अकलूजला प्रयोग. शेठ म्हणतात, "फटीत ग्रीस भर नि दे पाठवून." ग्रीस! फट मीच बंद करणार. इंजिनिअरिंग अर्धं सोडलं, डोकं नाही सोडलं.

८ फेब्रुवारी

फटीभोवती पांढरा कागद गुंडाळला, लांबून दोरीनं चाप ओढला. कागद चारी बाजूंनी काळा.

१० फेब्रुवारी

सापडलं.

नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा. त्याला निळा रंग लावून बंद केला. जिथं टेकतं तिथंच रंग उमटतो; तो फक्त मधे उमटला. कडा टेकतच नाहीत — झिजून गोल झाल्यात. पॉलिशच्या चाकावर. आणि त्या चाकावर कोण बसतं? मी! दर तालमीआधी, महिनाभर. तिच्या हातात चकाकावी म्हणून!

मामा बोललेही होते, "तोंड घासू नगं बाबा. तितं चकाकी न्हाय, बैठक बघायची असती." मला वाटलं, म्हातारा जळतोय.

११ फेब्रुवारी

शेठना सांगितलं. "गप बस की. निंगप्पा गेलाच हाय, त्याच्यावरच ऱ्हाऊ दे. नवा ठोकळा कर."

माझ्या हातचा ठोकळा तिच्या डोळ्यापाशी? नाही.

ऋतुजाला फोन केला. सगळं सांगितलं, पॉलिश कशासाठी तेही. तिनं एवढंच विचारलं —

"मामांना सांगितलंस?"

आणि तिनं फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी, सकाळ

दुधनीच्या एसटीत लिहितोय. मामा तिथं, त्यांच्या गावी गेलेत; त्यांना सगळं सांगायचंय. ठोकळा काढून खिशात घेतला, आता ती रायफल कुणीच उडवू शकत नाही. शेठ ओरडले, "पाऊल बाहेर टाकलंस तर तुझंबी काम गेलं!"

टाकलं. दार मीच ओढून घेतलं.