लाल गोलांचं शास्त्र

११ जानेवारी
काल लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. हॉटेलात सूप येईपर्यंत सगळं सुरळीत. मग वेटरने विचारलं, मॅडमना तिखट चालेल का. मी म्हणालो, चालेल. उत्तराने चमचा खाली ठेवला. म्हणाली, दोन वर्षं मला तिखट सोसत नाही, मार्तंड. पंचवीस वर्षांत तुला माझं काही म्हणजे काही कळलेलं नाही. रुचिरा म्हणाली, आई, आज नको ना. (रुचिरा, आमची मुलगी. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इतरांचं काय दुखतं ते तिला बरोबर कळतं आणि ती तिथेच दाबते.)

शाळेत चोवीस वर्षं संस्कृत शिकवतोय. ज्यांना काही म्हणजे काही कळत नाही अशांना पास करणं हा माझा धंदा आहे.

संकल्प: उत्तरा हा विषय मुळापासून अभ्यासायचा.

१३ जानेवारी, ऑफ तास
मूळ सापडलं. मोबाइलवर एक दीर्घ लेख. मासिक चक्र. साधारण अठ्ठावीस दिवस, चार टप्पे, प्रत्येक टप्प्यात शरीर वेगळं, मन वेगळं, आहार वेगळा. परदेशात बायका म्हणे ऑफिसच्या मीटिंगासुद्धा त्यानुसार ठेवतात. इतका सुटसुटीत अभ्यासक्रम आणि मला कोणी सांगितला नाही!

शीतलमॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. मी फोन उलटा ठेवला. मग आठवलं की आपण पुरोगामी आहोत. सुलटा केला. तोवर त्या तासाला गेल्या होत्या.

आईच्या काळी सत्यनारायणाची तारीख ठरताना काकू नुसतं 'त्या आठवड्यात नको' म्हणायची आणि पंचांग मिटायचं. कारण कोणी विचारत नसे. सगळी मोजदाद बायकांच्या मनात. आता आमच्या घराण्यात प्रथमच एक पुरुष मोजणार.

१४ जानेवारी
मोजायचं तर तारखा हव्यात. थेट विचारणं असभ्य. शिवाय विचारलं तर मला कळलं असं कसं होईल?

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर तपासलं. उत्तराच्या हस्ताक्षरात दूध, सिलिंडर, डेंटिस्ट. आणि १ व २ जानेवारीला लाल पेनाने गोल. शेजारी एक अक्षर नाही. त्याच खिळ्यावर खाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून लटकतंय. ४ व ५ डिसेंबर, लाल गोल. ६ व ७ नोव्हेंबर, लाल गोल. बरोबर अठ्ठावीस, बरोबर अठ्ठावीस. एवढी शिस्त मी फक्त धातुरूपांत पाहिली आहे.

ती लपवत नव्हती. भिंतीवर लिहून ठेवलं होतं. वाचणाऱ्याची वाट बघत होती बिचारी.

१६ जानेवारी
कार्डशीटवर तक्ता केला. विश्रांतिपर्व, उद्योगपर्व, उत्सवपर्व, युद्धपर्व. चौथं नाव खोडून 'सांभाळपर्व' केलं. माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

आज सोळावा दिवस, म्हणजे उत्सवपर्व. लोकांत मिसळण्याची आवड वाढते. म्हणून माझ्या भावाच्या घरच्या सहा जणांना जेवायला बोलावलं. सरप्राइझ. उत्तरा साडेसातला विमा कंपनीतून दमून आली, तर सहा चपला दारात. म्हणजे सहा जोड. चेहऱ्यावर उत्सव दिसला नाही. आतून असावा.

१९ जानेवारी
सांभाळपर्व. दिवसभर कुठल्याच गोष्टीला नाही म्हणालो नाही. संध्याकाळी उत्तराने विचारलं, तुला बरं नाही का?

सकाळी मात्र ती पंखा पाचवर करून, खिडकी उघडून पदराने वारा घेत बसली होती. जानेवारीत. मी शाल घेतली. तक्त्यात हे कुठेच बसत नाही. अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून सोडून दिलं.

२८ जानेवारी
पाच रस्ता चौकातल्या केमिस्टकडून पॅड्सचं पाकीट आणि गरम पाण्याची पिशवी आणली. तो पाकीट काळ्या पिशवीत घालू लागला. मी मोठ्याने म्हणालो, काळी पिशवी कशाला? दुकानातले सगळे वळले. मग मीच म्हणालो, बरं, घाला.

२९ जानेवारी
विजय! कॅलेंडरवर आज ताजा लाल गोल. भाकीत अचूक.

लक्षणंही तंतोतंत. भांडी घासणाऱ्या द्रौपदीबाई नेमक्या आजच आल्या नाहीत, त्यामुळे सिंक भरलेलं. उत्तरा भांडी घासता घासता म्हणाली, कंबर गेली माझी. चिडचिड, कमी बोलणं, कंबरदुखी. तिन्ही तक्त्यात आहेत. मी गरम पाण्याची पिशवी पुढे केली. ती पिशवीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, त्यापेक्षा कुकर घास. पण पिशवी घेतली! कुकर उद्या.

३ फेब्रुवारी
उत्तरा तिच्या मैत्रिणींबरोबर मेघालयला निघाली आहे. फक्त बायकांची टूर, २३ ते ३० मार्च. कॉलेजपासून बोलत होत्या, आता एकदाचं जमलं. माधुरीने फोनवर तारीख सांगितली आणि हिने कॅलेंडरकडे न बघता हो म्हटलं. पंचवीस वर्षांत असं प्रथमच. एरवी माथेरानला जायचं तरी आधी बोटांवर काहीतरी मोजायची. पैसे भरायचं आणि फॉर्मचं काम माझ्याकडे दिलं. फोन नंबरही माझाच.

शिवाय पांढरी सलवार घेतली. मी म्हणालो, प्रवासात पांढरी? ती म्हणाली, हो, पांढरी. आणि हसली. अशी का हसली ते कळलं नाही.

रात्री तक्ता पाहिला. पुढचे लाल गोल: २६, २७ फेब्रुवारी. त्यापुढचे: २६, २७ मार्च. म्हणजे ऐन मेघालयात, डोंगरात, तीनशे पायऱ्या उतरताना!

२४ फेब्रुवारी
पॅड्सचं पाकीट मी ठेवलं तिथे, तसंच, सील न फोडलेलं. उत्तरा पहिल्यापासून काटकसरी.

२६ फेब्रुवारी
लाल गोल. कंबर. चिडचिड. द्रौपदीबाई याही वेळी गैरहजर. या बाईला बरोबर अडचणीचाच दिवस कसा सापडतो? शास्त्र मात्र सिद्ध झालं.

२ मार्च
निर्णय घेतला. टूरवाल्यांना फोन करून उत्तराचं नाव २३ मार्चच्या बॅचमधून काढून ६ एप्रिलच्या बॅचमध्ये घातलं. ६ एप्रिल म्हणजे बारावा दिवस. उद्योगपर्व संपता संपता, पुढे अख्खं उत्सवपर्व! मैत्रिणी त्या बॅचला नसतील, पण मैत्रिणी काय, मुलुंडलाच असतात. तिला योग्य वेळी सांगेन. योग्य वेळ तक्त्यात पाहिली: १४ मार्च.

१४ मार्च
मी सांगायच्या आत कळलं. टूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली खोल्यांची यादी माधुरीने तिला पाठवली. माधुरीबरोबर खोलीत कोणी तिसरीच बाई.

मी शांतपणे उत्तराला आत नेलं, कपाट उघडलं, तक्ता दाखवला. चारही पर्वं समजावली. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. आलं.

मग बोलली. सावकाश बोलली, ते जास्त वाईट. म्हणाली, मार्तंड, माझी पाळी जाऊन डिसेंबरात वर्ष झालं. डॉक्टरही म्हणाल्या, संपलं. रुचिराला माहीत आहे, माधुरीला माहीत आहे, द्रौपदीला माहीत आहे. तू कधी विचारलंस? अंगातून वाफा निघतात माझ्या, तू शाल घेऊन बसतोस. तेराव्या वर्षापासून प्रत्येक सहल, प्रत्येक लग्न, प्रत्येक पूजा मी मोजून केली. तुझ्या बहिणीच्या लग्नात गोळ्या घेऊन उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा न मोजता तारीख घेतली. आणि ती तू मोजलीस?

मी म्हणालो, मग लाल गोल?

ती म्हणाली, द्रौपदीच्या सुट्ट्या.

१४ मार्च, नंतर
बाहेर रुचिरा सोफ्यावर आडवी होऊन हसत होती. मध्येच उठून बसली आणि म्हणाली, पण बाबा, अठ्ठावीस दिवस बरोबरच आहेत रे. द्रौपदीमावशीला त्या दोन दिवसांत पोट दुखून उभं राहवत नाही. आईने तीन वर्षांपूर्वीच सांगून टाकलंय, ते दोन दिवस यायचं नाही. तुला काय वाटलं?

मला वाटलं होतं, गावाला जाते.

म्हणजे शास्त्र बरोबर होतं. बाई चुकली.

(वरचं वाक्य रुचिराला ऐकवलं. आईला ऐकवू नकोस म्हणाली.)

१६ मार्च
उत्तरा दोन दिवस माझ्याशी फक्त 'गॅस बंद कर' एवढंच बोलली.

घाटकोपरला टूरच्या ऑफिसात स्वतः गेलो. मार्चची बॅच भरलेली. काउंटरवर दिशा नावाची मुलगी, रुचिराच्याच वयाची. म्हणाली, काका, तुम्हीच तर बदलून घेतलंत! मी म्हणालो, परत बदला. ती म्हणाली, फॉर्म भरा, वेटिंगला टाकते, गॅरंटी नाही. फॉर्मवर रकाना: बदलाचं कारण. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. शेवटी लिहिलं, 'पतीचे अज्ञान'. दिशाने वाचलं, फॉर्म उलटा ठेवला आणि म्हणाली, काका, बघते मी. मग पाणी दिलं.

१७, १८, १९ मार्च
वेटिंग. दिवसातून तीन फोन. दिशा आता माझा आवाज ओळखते आणि हॅलोच्या आधी 'नाही काका' म्हणते. पांढरी सलवार घडी करून पलंगावर ठेवलेली. रोज दिसते. उत्तरा ती उचलत नाही, मीही उचलत नाही.

२० मार्च
एक बाई पाय मुरगळल्यामुळे गळली. जागा मिळाली! आनंद व्यक्त करू नये हे कळतं, तरी केला. उत्तराने बॅग काढली. सलवार सगळ्यात आधी आत गेली. मग म्हणाली, फॉर्मवर काय लिहिलंस ते दिशाने माधुरीला सांगितलं. आणि कितीतरी दिवसांनी हसली. थोडंच. पण मी मोजलं नाही.

२३ मार्च
गेली. जाताना मी विचारलं, तुला हल्ली काय काय होतं ते सांगशील का? ती म्हणाली, आल्यावर. वही आणू नकोस.

२५ मार्च
संध्याकाळी निघताना द्रौपदीबाई दारात थांबल्या. रुचिराने त्यांना सगळं सांगितलेलं दिसतं. म्हणाल्या, सर, तो तुमचा कागुद एकदम बरोबर हाय. उद्या-परवा माझं नाव टाका त्यात, आणि खाली भांडी लिहा. मी आत जाऊन गरम पाण्याची पिशवी आणली आणि दिली. त्यांनी उलटीपालटी करून बघितली. म्हणाल्या, बूच जरा ढिलं हाय, पण चालंल. आणि भांडूपला घेऊन गेल्या.

२६ मार्च
पहिला दिवस. द्रौपदीबाई आल्या नाहीत. भाकीत अचूक.

रुचिराच्या मैत्रिणी काल जेवायला होत्या. चार पातेली, दोन कढया, कुकर (जानेवारीपासून राहिलेला). दीड तास घासलं.

उत्तराचा फोटो आला. धबधब्यापुढे मोठ्या दगडावर बसली आहे, पांढऱ्या सलवारीत, पाय पसरून. खाली लिहिलंय: आज कितवा दिवस? मी लिहिलं, माहीत नाही. तिने अंगठा पाठवला.

आता माझी अवस्था: कंबर गेली. चिडचिड. कोणाशी बोलू नये असं वाटतं. तक्ता काढून ताडून पाहिलं, तिन्ही जुळतात. कॅलेंडरवर आजच्या तारखेला लाल गोल केला.

गरम पाण्याची पिशवी शोधली. मग आठवलं.