बावीस अर्धी गाणी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
मंगळवार, दुपारी

श्री. मधुकरराव यांस,

शिवदासचा सप्रेम जय भीम. तुमची शुगर, रुक्मिणी वहिनींचे गुडघे आणि जोगेश्वरीच्या घराची गळकी गॅलरी, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. (जया, म्हणजे तुमची सख्खी बहीण आणि माझी बायको, तुमची आठवण काढते. मी काढत नाही.) तुम्ही मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक करून ठेवल्यामुळे पोस्टाचं पाकीट आणावं लागलं. पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी निरोप न्यायला कबुतर मागितलंय. पत्र कशासाठी ते शेवटी लिहीन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही तेवढंच वाचाल आणि बाकीचं रद्दीत टाकाल. एकतीस वर्षं एका स्टेजवर शेजारी उभं राहिल्यावर माणसाचा स्वभाव कळतोच.

हे समझोत्याचं पत्र समजू नये. फक्त बातमी कळवतोय. बातमी अशी की मी घरात स्टुडिओ काढलाय. का काढला, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, पण तुम्ही सोयीस्करपणे विसरता म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मानखुर्दला जयंतीच्या कार्यक्रमात आपली गायन पार्टी रंगात आली असताना तुम्ही माइक तोंडाशी धरून चारशे माणसांसमोर म्हणालात की आमच्या शिवदासला माझ्याशिवाय एक गाणं पुरं म्हणता यायचं नाही. माणसं हसली. ढोलकीवाला नंदू हसला. (नंदू कधीच हसत नाही, त्याच्या तोंडात तंबाखू असते. तरी हसला.) घरी आल्या आल्या मी जयाला सांगून टाकलं, विद्याधर मास्तरांनी आपल्याला शिकवलेली बावीसच्या बावीस गाणी मी एकटा रेकॉर्ड करणार. राग होताच, पण नुसता राग नव्हता. मास्तर गेले, त्यांचं एकही गाणं कुठं धड रेकॉर्ड नाही, एक कॅसेट होती ती नंदूच्या टेपनं खाल्ली. आपण दोघंही साठीच्या पुढे. उद्या आपल्याला काही झालं तर ती गाणी आपल्याबरोबरच जाणार, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बजेट. जयानं नव्या वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, तेवढ्यातच सगळं बसवायचं ठरलं. (मशीन दिवाळीनंतर घेऊ असं मी म्हणालो. कुठल्या दिवाळीनंतर ते म्हणालो नाही.) आमच्या विशालची बायको शीतल कॉम्प्युटरमधली हुशार, तिनं यादी काढून दिली: एक माइक, माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करणारी एक डबी, हेडफोन आणि सॉफ्टवेअर. मी तीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासले असल्यामुळे वायर लागणाऱ्या वस्तूत मला कुणी शिकवू नये असं माझं स्पष्ट मत होतं. म्हणून अंधेरीच्या दुकानात मी एकटा गेलो. तिथल्या मुलीनं दोन प्रकारचे माइक दाखवले. एक साधा, तोंडासमोरचं तेवढंच ऐकणारा. दुसरा कंडेन्सर, तो म्हणे बारीकसारीक सगळं ऐकतो. ती म्हणाली, काका, घरात गाणार असाल तर साधाच घ्या. मला वाटलं ही मला गरीब समजतेय. मी सगळं ऐकणारा घेतला.

घरी आणून जोडला तर आवाज शून्य. मी लगेच टेस्टर काढला आणि वायरच्या टोकाला लावला. लागला नाही. म्हणजे करंट नाही, म्हणजे माल खराब, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. तसाच अंधेरीला परत गेलो, दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर ग्राहकांच्या हक्कांवर जरा बोललो (आवाज माझा तुम्हाला माहीत आहे, माइक लागत नाही). त्या मुलीनं शांतपणे डबीवरचं एक बटण दाबलं आणि माइक सुरू झाला. या माइकला डबीतून थोडी वीज द्यावी लागते आणि ती इतकी कमी असते की आपल्या टेस्टरला तिचा पत्ताच लागत नाही. मी म्हणालो, ते मला माहीतच होतं, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो. ती हो म्हणाली. फार चांगल्या घरची मुलगी असावी.

मग त्या माइकनं खरोखर सगळं ऐकायला सुरुवात केली. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये मी होतो, तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरच्या चार शिट्ट्या होत्या, दार लावा म्हणून कळवळून सांगणारी लिफ्ट होती, आणि जया स्वयंपाकघरात फोनवर वहिनींना माझ्याविषयी जे बोलत होती तेही अक्षर न अक्षर होतं. (ते मी जपून ठेवलंय.) खोलीत आवाज घुमतो म्हणून कुणीतरी सांगितलं, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, फुकटात काम होतं. मी स्टेशनजवळच्या बुर्जीवाल्याकडून साठ ट्रे आणले. आमची बिल्डिंग कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे, निम्म्या घरांत कांदासुद्धा नाही. साठ ट्रे घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा आत सोसायटीच्या सेक्रेटरी लताबेन होत्या. पाचव्या मजल्यापर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. संध्याकाळी तिघांची कमिटी दारात. "शिवदासभाई, तुमी इथे अंड्याचा गोडाऊन चालू केला काय?" मी त्यांना आत नेऊन एकेक ट्रे रिकामा असल्याचं दाखवलं. लताबेननी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की मग एवढी अंडी खाल्ली कोणी. त्या दिवसापासून बिल्डिंगमधली माणसं माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

आणि एवढं होऊन त्या ट्रेंनी आवाजाचं घुमणं काडीचंही कमी झालं नाही. शीतल म्हणाली, बाबा, पुठ्ठ्यानं काही होत नाही, जाड कापड हवं. तेव्हा जयानं माळ्यावरच्या चार गोधड्या दोऱ्यांवर टांगल्या आणि खोली एकदम मुकी झाली. छान झाली. कंडेन्सर मी त्याच मुलीला परत दिला, ती साधा माइक घेऊन आली, वर फरकाचे पैसेही परत केले. 'भ' आणि 'फ' म्हटलं की तोंडातली हवा माइकवर आदळून धप्प असा आवाज येतो, आणि आपल्या गाण्यांत 'भ' नसलेली ओळ शोधावी लागते. त्यासाठी विकतची जाळी मिळते, पण मी जयाची चहाची गाळणी तारेनं बांधली. उत्तम चालते. फक्त गाताना आल्याचा वास येतो आणि मध्येच चहाची तल्लफ लागते.

सॉफ्टवेअरचं असं, की फुकट म्हणून जे पहिलं घेतलं ते एक महिनाच फुकट होतं. एकतिसाव्या दिवशी माझी तीन रेकॉर्डिंग पोटात घेऊन दार लावून बसलं. दुसरं शीतलनं शोधलं, ते कायमचं फुकट, पण त्यावर आमच्या सबस्टेशनच्या पॅनेलपेक्षा जास्त बटणं. त्यात ढोलकीही आहे. ठोका चुकत नाही, तंबाखू खात नाही, मानधन वाढवून मागत नाही. पण कडवं जमलं की नंदू मध्येच 'हाय' करतो ना, ते त्यात कुठल्याच बटणावर नाही. सूर सरळ करायचीही सोय आहे. शीतलनं माझ्या आवाजावर ती फिरवली तर जया बाहेर येऊन विचारते, कोण पाहुणे आलेत?

मग पहिल्यांदा हेडफोन लावून गायला बसलो. माझा आवाज डबीतून कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत कानात यायला अर्धा क्षण उशीर करत होता. मी ओळ म्हटली की मागून तीच ओळ कुणीतरी धरायचं. आधी दचकलो. मग, खरं सांगतो, मला वाटलं मागून तूच धरतोयस. मी दोनतीन ओळी तशाच म्हणत राहिलो, बंद करावंसं वाटेना. शीतलनं येऊन डबीवरचं बटण फिरवलं आणि तो मागचा आवाज गेला. ती म्हणाली, बाबा, दोष होता तो, काढला. मी म्हणालो, बरं केलंस. पण मला ते बरं वाटलं नाही. (वर 'तू' लिहिलं गेलंय. खोडलं तर पान घाण दिसेल, म्हणून राहू देतो. आता पुढेही तसंच लिहितो, पुन्हा बदलत कोण बसणार.)

आता मुख्य गोष्ट. काल दुपारी सगळं जुळून आलं. कुकर थंड, लताबेन झोपलेल्या, गोधड्या टांगलेल्या. बटण दाबलं, कानात तालाची टिकटिक सुरू झाली, आणि मी मास्तरांचं पाटीचं गाणं उचललं: 'पाटी फुटली तरी गं बाई, अक्षर नाही फुटलं.' झकास उचललं. आणि थांबलो. पुढची ओळ तुझी. एकतीस वर्षं ती तूच म्हणतोस, मी तोवर श्वास घेतो आणि पब्लिककडे बघतो. मला ती येतच नाही रे. चाल येते, शब्द नाहीत. दुसरं गाणं घेतलं, तेच. तिसरं, तेच. संध्याकाळपर्यंत मी बावीसही गाणी तपासली आणि माझ्याकडे बावीस अर्धी गाणी निघाली. मधल्या जागा इतक्या स्वच्छ रेकॉर्ड झाल्यात की शीतल म्हणाली, बाबा, इतकी शांतता पैसे देऊन मिळत नाही.

हार मानली नाही. शीतलला विचारलं, हे सॉफ्टवेअर दुसरा माणूस तयार करतं का? करतं म्हणाली. केला. तो मीच होतो, पडसं झालेला, आणि त्यालाही माझ्याच ओळी येत होत्या. मग मी स्वतःच तुझ्या जागी ओळ रचली: 'दप्तर भिजलं पावसात, पण छत्री नाही मिटली.' जयाला म्हणून दाखवली. ती पीठ मळत होती. तिनं हात धुतले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर असते तर तुमच्या डोक्यात ती छत्रीच घातली असती." तेव्हा तो नाद सोडला.

तर अशी बातमी आहे. मानखुर्दला तू बोललास ते, म्हणजे शब्दशः धरलं तर, चूक नव्हतं. हे मी फक्त लिहितोय, चारशे माणसांसमोर म्हणणार नाही. वहिनींना नमस्कार. शुगर सांभाळ, आणि चहात साखर नको म्हणून वर बिस्किटं खातोस ते बंद कर.

तुमचा,
शिवदास

ता. क. मास्तरांची गाण्यांची वही तुझ्याकडे आहे. तिचे फोटो काढून पाठव, तुझ्या ओळी मी वाचून म्हणेन. त्यासाठी मला अनब्लॉक करावं लागेल. तेवढ्यापुरतं करून पुन्हा ब्लॉक केलंस तरी माझी हरकत नाही.

ता. क. २. फोटो नकोत. मास्तरांचं अक्षर समोर धरूनसुद्धा तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही. वहीच पाठव. तू यायलाच पाहिजे असं नाही, नंदूच्या हाती दिलीस तरी चालेल.

ता. क. ३. खोलीत दोन खुर्च्या मावतात. ही केवळ माहिती.

दादा, मी जया. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी लिहिते. वही पाठवू नकोस. ह्यांना तुझ्या सगळ्या ओळी पाठ आहेत. रोज आंघोळ करताना बावीसही गाणी दोन्ही बाजूंनी म्हणतात. तुझी ओळ आली की आवाज बारीक करतात, आणि तू जिथं चुकतोस तिथंच चुकतात. काल दुपारी माइकसमोर एक गाणं एकट्यानं अख्खं म्हणाले, एकदा ऐकलं आणि पुसून टाकलं. मग हे पत्र लिहायला बसले. वहिनीला घेऊन येत्या रविवारी जेवायलाच ये, मटण करते. पण वही तेवढी पाठवू नकोस. ती आली की ह्यांना तुला बोलवायला कारण उरणार नाही, आणि दुसरं कारण शोधायला ह्यांना आणखी दोन वर्षं लागतील.