चिक्कीच्या डब्यातले पंचवीस हजार

१ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून नवा राजेंद्र. ध्येय एकच: पायलच्या नर्सिंग कॉलेजच्या फीचा पहिला हप्ता. रुपये पंचवीस हजार, मुदत १५ जुलै. कुणापुढे हात पसरायचा नाही. मेव्हण्यापुढे तर मुळीच नाही.
अनिताला सांगितलं. ती म्हणाली, बरं. एवढ्या मोठ्या घोषणेला नुसतं बरं!

१ एप्रिल, रात्री
पैसे ठेवायची जागा सापडली. बँकेतले पैसे मोबाइलवरून उडतात, म्हणून चिक्कीचा डबा. लोणावळ्यात जन्म काढलेला माणूस चिक्की खात नाही. ती पाहुण्यांना द्यायची वस्तू. त्यामुळे कपाटावरच्या डब्याला घरात कुणी हात लावणार नाही. वरचं वेष्टन तसंच ठेवलं, ब्लेडनं तळाला दार केलं. आतली चिक्की हॉटेलवर वाटली. वजनासाठी बाथरूमच्या टाइलचा तुकडा टाकला. कुसगावच्या हॉटेलात एकोणीस वर्षं मेंटेनन्स बघतोय, उगाच नाही. घरात कुणालाही बोललो नाही.
पहिले पाच हजार आत.

६ एप्रिल
दर रविवारी कुटुंबाची अर्थसभा, सोबत भेळ. बचतीत मजा हवी. आज पहिली सभा. पायल मोबाइलवर. अनिता भिशीला गेली. बारा बायका जमतात, चहा पितात, चिठ्ठी उचलतात. ह्यात नियोजन कुठं आहे? म्हणे तिला मोटारवालं शिलाई मशीन घ्यायचंय. पायानं चालणारं आहे की! व्यायाम होतो.
दोघांची भेळ मीच संपवली.

१४ एप्रिल
‘पैशाशी मैत्री’ हा ऑनलाइन कोर्स घेतला. २,९९९. डब्यातूनच घेतले, पण चोरासारखे नाही. आत चिठ्ठी टाकली: ‘घेतले रु. २,९९९. परत करीन. राजेंद्र.’ चिठ्ठी म्हणजे पैसेच. डब्यात अजून पाच हजारच आहेत.

१ मे
पगार आणि ओव्हरटाइम मिळून दहा हजार आत. एकूण पंधरा. अर्ध्याच्या वर! कोर्सचा धडा तिसरा सांगतो की टप्पा गाठला की साजरा करा. हॉटेलवर सगळ्यांना मिसळ. १,८००. चिठ्ठी टाकली.

१० मे
पायलचा वाढदिवस. केक ५५०. चिठ्ठी. बापाचं मन आहे, दगड नाही.

१९ मे
स्मार्टवॉच घेतलं, ४,२००. किती पावलं चाललो ते कळतं. रिक्षाचे पैसे वाचणार, म्हणजे ही बचतच. चिठ्ठी.
अनितानं मनगटाकडे पाहिलं आणि पोळ्या लाटत राहिली. काही माणसांना प्रगती सहन होत नाही.

१ जून
दहा हजार आत. एकूण पंचवीस हजार, मुदतीच्या दीड महिना आधी! अनिताला म्हणालो, फीची काळजी सोड. ती म्हणाली, मग भरून टाका. म्हणालो, शेवटच्या दिवशी भरणार. पैसा तोवर कामाला लावायचा असतो. मेव्हण्याला, म्हणजे संदेशला, मुद्दाम फोन करून कळवलं. तो म्हणाला, भारी काम केलंत दाजी. आवाजात जळफळाट स्पष्ट होता.

८ जून
पैसा कामाला लावला. हॉटेलवरचा गौरव पर्यटकांच्या पॉइंटवर मक्याच्या कणसांची गाडी टाकतोय. बारा हजारांची भागीदारी. महिन्यात दुप्पट. चिठ्ठी.

२७ जून
गौरवचा फोन लागत नाही. डोंगरात रेंज नसते.
पेट्रोल, चहा, किरकोळ मिळून आतापर्यंत ३,१००. एकच चिठ्ठी केली, कागद वाचवला.

६ जुलै, दुपारी
सासूबाई शकुबाई आणि संदेश आंदर मावळातून आले होते. मी हॉटेलवर, स्विमिंग पूलचा पंप बसलेला. अनिताचा फोन आला: आई निघालीय, दुकानातून चिक्की आणू का? तीनशे रुपये! मी ठणकावून सांगितलं, नवा खर्च बंद, घरात असेल ते दे. अशा छोट्या निर्णयांतूनच माणूस उभा राहतो.

८ जुलै, रात्री ८
कपाटावर डबा नाही.

८ जुलै, रात्री ८.२०
अनिता म्हणते, तुम्हीच म्हणालात, घरात असेल ते दे.

८ जुलै, रात्री ९
संदेशला फोन केला. स्पष्ट विचारलं, माझे पंचवीस हजार कुठे आहेत? मी कुणाला भीत नाही. पोलिसांचंही नाव काढलं. सासूबाईंनी फोन घेतला. म्हणाल्या, जावईबापू, डबा देव्हाऱ्यापाशी तसाच हाय, मला कुटं दात हायेत चिक्की खायला. पैसं हायेत व्हय त्यात? सकाळी म्या सोता घिऊन येते.
म्हणालो, वेष्टन फाटलेलं चालणार नाही.

९ जुलै
सासूबाई एकट्या आल्या. फाट्यापर्यंत दोन तास चालत, मग जीप, मग कान्ह्याहून लोकल. डबा खताच्या पिशवीत गुंडाळून पदराखाली. म्हणाल्या, नातीची फी हाय, मांडीवरनं खाली न्हाई ठिवला. पाय सुजले होते.
मी म्हणालो, तपासायची गरज नाही, विश्वास आहे. पण सासूबाई हट्टालाच पेटल्या. काल पोलिसांचं नाव काढलंत, आता समद्यांसमोर मोजा. वाचायला पायलला बसवलं.
आधी टाइल निघाली. मग ३५१ रुपये. मग चिठ्ठ्या.
पायल एकेक वाचत गेली. कोर्स. मिसळ. घड्याळ. गाडी. सासूबाई प्रत्येक चिठ्ठीला विचारत, ह्याचं किती झालं? मी समजावलं की चिठ्ठी म्हणजे पैसेच. कुणी ऐकलं नाही. केकच्या चिठ्ठीशी पायल थांबली. म्हणाली, पप्पा, माझ्याच फीतून मला केक?
ह्यावर मी हसलो. एकटाच.
सासूबाई म्हणाल्या, म्या कागुद घिऊन आले व्हय एवढ्या लांबनं. आणि सुजलेले पाय चोळत बसल्या.

९ जुलै, नंतर
गाडी चालली असती तर ह्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

११ जुलै
गौरवच्या खोलीला कुलूप. मालक म्हणाला, दोन महिन्यांचं भाडंही राहिलंय. अॅडव्हान्स मागायला मॅनेजरकडे गेलो. मागचाच फिटायचाय म्हणाले.

१४ जुलै
अनिता कॉलेजात जाऊन फी भरून आली. ह्या वेळची भिशी तिनं उचलली होती, मशीनसाठी. पावती फ्रिजवर ठेवली आणि पायानं मशीन चालवत बसली. शेजारच्या शालूबाईंचे सहा ब्लाउज आहेत म्हणे. मी म्हणालो, बघ, ध्येय मुदतीच्या एक दिवस आधी पूर्ण झालं.
मशीन थांबलं नाही.
तिच्या गुडघ्याला पट्टा आहे, हे आज पाहिलं. कधीपासून आहे, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१६ जुलै
घड्याळ विकलं. नऊशे आले. हॉटेलपर्यंत चालत गेलो, किती पावलं ते कळलं नाही.
पैसे पायलच्या हातात दिले. तिनं चिठ्ठ्या वहीत ओळीनं चिकटवल्यात. घड्याळाच्या चिठ्ठीखाली लिहिलं: नऊशे जमा. केकची चिठ्ठी मात्र तिनं काढून फाडली. म्हणाली, तो केक मी खाल्लाय.
मग बेरीज केली. राहिले तेवीस हजार एकशे नव्व्याण्णव. वर लिहिलंय, आईचं मशीन.
वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली.