यादीत राहिलेलं नाव

३ मार्च, सकाळ
आजपासून रोज पाचला उठणे. आत्ता साडेआठ. म्हणजे उद्यापासून.
बायको काल भावाकडे गेली. जाताना दारात विचारलं, मी परत यावं असं तुला वाटतं का? म्हटलं, हातातला ड्रायव्हर लिहून संपू दे, नीट विचार करून सांगतो. घाईघाईत काहीतरी बोलून मोकळा होणारा माणूस मी नव्हे.

४ मार्च
ड्रायव्हर, म्हणजे यंत्र कॉम्प्युटरला जोडणारा प्रोग्रॅम, जवळजवळ झालाच. हॉस्पिटलमध्ये पेशंटने उशाजवळची बेल दाबली की नर्सच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. बेलपर्यंत पोचायची परवानगी फक्त माझ्या ड्रायव्हरला. तो कॉम्प्युटरच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, म्हणजे तळघरात. नर्सच्या स्क्रीनवरचं ॲप वरच्या मजल्यावर. तळघरातून आपणहून हाक मारायची सोय नाही. म्हणून ॲप आधीच एक कोरी रिक्वेस्ट आमच्याकडे देऊन ठेवतं. बेल वाजली की आम्ही ती भरून परत करायची, तोवर धरून बसायचं. धरून बसण्यात मला तोड नाही.
ॲपवाली म्हणाली, ॲप मध्येच बंद झालं तर रिक्वेस्ट सोडून द्यायचा कोड लिहा. मी म्हटलं, उत्तर मिळायच्या आधी कोण उठून जातंय?

७ मार्च, भर दुपारी
विचित्र. ॲप बंद केलं. स्क्रीनवरून गेलं, चालू प्रोग्रॅमच्या यादीत नाव तसंच. मारलं. मरेना. पुन्हा मारलं. अंगावर काटा आला. ॲपवालीच्या कोडमध्ये काहीतरी भयंकर आहे. तशी मेल केली, बॉसला कॉपी.
घरी चहा दोन कप झाला. एक ओतून दिला. सवय, दुसरं काही नाही.

९ मार्च, रविवार
पाचला जाग आली होती. उठलो नाही, एवढंच.
मेहुण्याचा फोन. ताई विचारतेय, काही ठरलं का? सांगितलं, काम चालू आहे. मी सध्या एका भुताच्या मागे आहे, ते त्याला काय कळणार!
फोन ठेवला तर स्वयंपाकघरात कुणी भांडं ठेवल्यासारखा आवाज. गेलो. नळ ठिबकत होता. भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१३ मार्च
ॲप जितक्या वेळा उघडून बंद करावं, तितकी नावं वाढतात. मशीन शटडाउनही होईना. बायकोच्या चपला अजून दाराशीच. त्यांच्याकडे न बघता आत येणे, हा नवा नियम.

१८ मार्च
ॲपवाली खाली आली. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, सर, ॲप केव्हाच गेलंय. त्याची रिक्वेस्ट तुम्ही मुठीत धरून बसलात. तुम्ही सोडल्याशिवाय सिस्टिम त्याला जाऊ देत नाही.
दहा-बारा ओळी लिहिल्या, मशीन बळेच बंद करून पुन्हा लावलं. आता ॲप बंद केलं की नाव जातं. तसा मी त्याच निष्कर्षाच्या जवळ आलो होतो.
ड्रायव्हर संपला! लगेच बायकोला उत्तर लिहिलं. तीन परिच्छेद खोडून शेवटी: हो. परत ये. उद्या चपला पुसून ठेवणे.

१९ मार्च
तिचं काही आलं नाही. नेटवर्क असेल.

२० मार्च, संध्याकाळ
मेहुणा आला. रिकामी बॅग घेऊन. म्हणाला, भाऊजी, ताईने मेसेज वाचला. ती म्हणाली, मी त्या रविवारच्या फोननंतरच वाट बघायचं सोडलं. त्याला सांगायचं राहिलं.
कपडे नेले, चपला नेल्या. जाताना म्हणाला, दारावरच्या पाटीवरचं ताईचं नाव तेवढं काढा.
लगेच काढतो म्हटलं. सगळे ड्रॉवर पालथे घातले. स्क्रूड्रायव्हर कुठे असतो ते तिलाच माहीत.