चौथी लेन, पाचवी लेन

३ मे, रवि.
पोहण्याच्या निवड चाचणीचा शेवटचा दिवस. दिल्लीतल्या द्वारकेचा स्विमिंग पूल. उन्हाने पांढऱ्या ड्रेसमधूनही पाठ भाजली. मी टर्न जज, म्हणजे भिंतीला हात लावून वळताना चूक होते का ते बघणारी, पलीकडच्या टोकाला. लेन चार आणि पाच माझ्याकडे. चारमध्ये वैशालीची प्रज्ञा. सकाळीच आहुजा सरांना सांगितलं होतं की ती माझ्या मैत्रिणीची मुलगी आहे, मला दुसऱ्या लेन द्या. ते रेफरी, ते म्हणाले, माणसं कुठून आणू? मग उभी राहिले.

मुलींची दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक. पाचमध्ये असोसिएशनच्या उपाध्यक्षांची मुलगी. शेवटच्या टर्नला दोघी जवळजवळ बरोबर आल्या. नियम साधा आहे, दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले पाहिजेत. दोघींचा डावा हात मागून आला. दोघींचा. चूक दाखवायला मी हात वर केला. दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्हींवर सही केली.

प्रज्ञा दुसरी आली होती, ती मुलगी तिसरी. पहिल्या तिघी नॅशनलला जाणार. माइकवर आधी लेन चार डीक्यू, म्हणजे बाद, असं सांगितलं. वैशाली स्टँडमध्ये उभी राहिली, मला इतक्या लांबून दिसली. मी पाचची वाट बघत होते. पाच आलंच नाही.

निकालाचा कागद लागला तेव्हा प्रज्ञा बाद, ती मुलगी दुसरी. आहुजा सर म्हणाले, "पाँच पर आप सही जगह नहीं थीं." मी एकाच जागी उभी होते. दोन्ही लेनच्या मधोमध. एकाच जागी उभं राहून मी चारसाठी बरोबर आणि पाचसाठी चुकीची कशी?

वैशाली न भेटताच निघून गेली. प्रज्ञा टॉवेल डोक्यावर घेऊन गाडीत बसली होती.

४ मे, सोम.
सरोजिनी नगर मेट्रो स्टेशनवर नेहमीच्या डब्यापाशी थांबले. वैशाली आली नाही. इतकी वर्षं आम्ही एका डब्यातून मंत्रालयात जातो, तिचं सेक्शन माझ्या वरच्या मजल्यावर. फोन उचलत नाही. मेसेजला दोन निळे टिक, उत्तर नाही.

आहुजा सरांना फोन केला. शांतपणे समजावत होते, मी जणू नवीन आहे. चारची चूक स्पष्ट होती, पाचबद्दल शंका होती, आणि शंकेचा फायदा पोहणाऱ्याला द्यायचा असतो. हे वाक्य मी नव्या जजना शिकवते. माझंच वाक्य मला ऐकवलं. शंका कुणाला होती, विचारलं. म्हणाले, मला. ते तेव्हा पूलच्या दुसऱ्या टोकाला होते.

माझा नवरा, नितीन, म्हणतो, सोडून दे. घरचं काम सोडून रविवार घालवतेस, वर हे. त्याचं चूक नाही. पण सोडून काय द्यायचं? मी काही धरलेलंच नाही.

६ मे, बुध.
वैशाली भेटली. ऑफिसनंतर खालच्या बागेत, तिनेच बोलावलं. बसली नाही.

तिने अपील टाकलंय. सुनावणी पुढच्या बुधवारी. मला तिथे बोलावतील. तिचं म्हणणं असं की त्यांनी पाचसाठी म्हटलंच आहे की मी जागेवर नव्हते, तर चारसाठीही मी तेच सांगावं. एवढंच. मग प्रज्ञाची डीक्यू आपोआप जाईल.

मी म्हटलं, वैशाली, मी जागेवर होते.

"मला माहीत आहे तू होतीस."

मग म्हणाली, आमच्या मुलीला नियम लागतो आणि त्यांच्या मुलीला लागत नाही, हे आम्हाला नवीन नाही. यवतमाळला शाळेत होते तेव्हापासून बघतेय. "पण या वेळी हात तुझा होता."

दोघींसाठी हात वर केला, हे तिला माहीत आहे. तिला ते पुरत नाही. मला तरी कुठे पुरतंय.

प्रज्ञाला पाण्यावर तरंगायला मी शिकवलं. पाठीखाली हात धरून. तेव्हा ती माझ्या मानेला धरून बसायची, सोडायची नाही. हे सगळं वैशालीला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर उपकार मोजल्यासारखं झालं असतं.

९ मे, शनि.
व्हिडिओ फिरतोय. कुण्या पालकाने स्टँडमधून काढलेला. सकाळपासून तीन ग्रुपवर आला. पाचव्या लेनमध्ये त्या मुलीचा एक हात भिंतीला, दुसरा अजून पाण्याखाली, अगदी स्वच्छ दिसतं. चारमध्ये नुसता फेस. प्रज्ञाचे हात दिसतच नाहीत.

म्हणजे जिची चूक सगळ्या दिल्लीला दिसली ती नॅशनलला चालली. आणि जिची फक्त मला दिसली ती घरी.

पालकांचे व्हिडिओ नियमात चालत नाहीत. हेही मीच कितीदा ऐकवलंय लोकांना. कडक आवाजात.

दहा वेळा बघितला. फेस. मग डोळे मिटून आठवून बघितलं. उजवा लागला, मग डावा. लागला ना? परवापर्यंत हे विचारावं लागत नव्हतं.

१० मे, रवि.
इथल्या मराठी मंडळाची सभा होती, कमिटीत असल्यामुळे गेले. जायला नको होतं. जोशीबाई बाजूला येऊन बसल्या. अगदी मायेने म्हणाल्या, बरं केलंस, मैत्रीण म्हणून सोडलं नाहीस. मग हळूच, "नाहीतरी या लोकांना सगळं फुकटातच हवं असतं."

मी म्हटलं, ती मुलगी पहाटे उठून पोहते आणि मग शाळेला जाते, तिला फुकट काय मिळालं ते मला सांगा. माझा आवाज चढला असणार, कारण बाजूचे वळून बघायला लागले. जोशीबाई म्हणाल्या, मला तसं म्हणायचं नव्हतं. त्यांना तसंच म्हणायचं होतं.

चहा न घेता उठले. माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला कोण आलं, तर या बाई. दिवसभर अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटतंय.

वैशालीला हे सांगणार नाही. तिला सांगायची गरजही नाही, तिने असलं माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय.

१३ मे, बुध.
अर्धी रजा टाकली. असोसिएशनचं ऑफिस, तळघरातली खोली, एसी इतका की दात वाजत होते. अपीलला तिघं बसलेले. उपाध्यक्ष त्यात नव्हते, नियमाने नसतातच. ते शेजारच्या खोलीत बसून सगळ्यांना चहा पाठवत होते. वैशाली, तिचे मिस्टर मेश्राम आणि प्रज्ञा भिंतीजवळच्या खुर्च्यांवर. प्रज्ञा शाळेच्या गणवेशात.

मला विचारलं, लेन चारच्या वेळी तुम्ही योग्य जागी होता का?

नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. एक शब्द. प्रज्ञा नॅशनलला गेली असती, वैशाली उद्या डब्यात बसली असती. आणि पाचची मुलगीही सुखाने गेली असती, कारण मग मी दोन्हीकडे आंधळी ठरले असते. सगळे खूश. हे मला तिथे बसल्यावर कळलं, की सगळ्यांना माझ्याकडून हेच हवं होतं. शेजारच्या खोलीतल्या माणसालासुद्धा.

मी म्हटलं, होते. दोन्ही लेनसाठी होते. दोघींचे हात मागेपुढे लागले. बाद करायचं तर दोघींना करा.

मधले गृहस्थ म्हणाले, पाचचा प्रश्न आज आमच्यापुढे नाही. मी म्हटलं, मग तो कुणापुढे आहे? त्यांनी कागद उलटला. अपील फेटाळलं. रेफरीचा निर्णय अंतिम.

वैशाली माझ्या खुर्चीला वळसा घालून गेली. मेश्राम जाता जाता म्हणाले, "थँक यू मॅडम." एवढंच. इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडम कधी म्हटलं नव्हतं.

जिन्यात आहुजा सर भेटले. हसत होते. म्हणाले, आप बहुत सख़्त हैं मैडम, थोड़ा लचीला होना सीखिए.

१७ मे, रवि.
जूनच्या स्पर्धेच्या ड्यूटीची यादी लागली. माझं नाव नाही. असोसिएशनच्या सेक्रेटरींना मेसेज केला तर उत्तर, यंदा नव्या लोकांना संधी देतोय. नवे लोक म्हणजे आहुजा सरांचा भाचा.

पांढरा ड्रेस धुऊन ठेवला. इस्त्री केली नाही.

नितीन म्हणाला, सुटलीस. मी त्याच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं, पण तेही सांगितलं नाही.

माझ्या खरं बोलण्याने काय झालं ते बघते आहे. ती मुलगी जाणार ती जाणारच. प्रज्ञा घरीच. मैत्रीण गेली. जजचं काम गेलं. जे खोटं बोलले त्यांचं काहीच गेलं नाही.

२३ मे, शनि.
दुपारी बेल वाजली. प्रज्ञा. एकटी. सायकलने आली होती एवढ्या उन्हात. सरबत दिलं, हातात धरून बसली.

म्हणाली, घरी सांगितलेलं नाही. पप्पा म्हणतात तुम्ही विकल्या गेलात. मम्मी म्हणते नाही, ती बिकणारी नाही, ती फक्त आपल्यांवर सख्त आहे. मला पहिल्यांदाच "तुम्ही" म्हणाली. आधी तू होते.

मग विचारलं, "तुम्ही सच में पाहिलं ना, मावशी?"

हो म्हटलं.

"मला नाही याद. मी फक्त साँस शोधत होते."

मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, कोच म्हणतात थकले की माझा डावा हात सुस्त होतो, आधीपासून. पण मग त्या मुलीचाही झाला होता ना? हो, म्हटलं, तिचाही. "मग ती कशी गेली?"

मी पंधरा वर्षांच्या मुलीला काय सांगू? तिचे वडील कोण आहेत हे? ते तिला माझ्याआधी माहीत आहे. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. म्हटलं, चोरी करून गेली. तिने मान हलवली. सरबत संपवलं, ग्लास स्वतः धुतला आणि गेली.

पोहणं चालू ठेवणार का, हे विचारायचं राहिलं. की विचारायची हिंमत झाली नाही.

३१ मे, रवि.
मेश्राम कोर्टात गेले. मंडळातून कळलं, त्यांच्या घरून नाही. पाचव्या लेनचा निर्णय रद्द करा आणि चारची डीक्यू पुन्हा तपासा, असा अर्ज.

त्यांच्या वकिलाचा फोन आला. तरुण, घाईत बोलणारा. मी साक्षीदार म्हणून हवी आहे. म्हणाला, मॅडम, तुमची साक्ष सगळ्यात भारी आहे, तुम्ही असोसिएशनच्या विरुद्ध बोलताय. फक्त पाचबद्दलच बोला. मी चारचा विषय काढणारच नाही.

आणि समोरच्या वकिलाने काढला तर? तो म्हणाला, तेव्हा म्हणा, आता नीट आठवत नाही. इतके दिवस झाले, कोण काय म्हणणार?

संध्याकाळी सेक्रेटरींचाही फोन. अचानक गोड आवाज. ऑगस्टच्या स्पर्धेत माझ्यासाठी जागा आहे म्हणे. फक्त कोर्टाला लिहून द्यायचं की पाचबद्दल मलाही तेव्हा थोडी शंका होती.

दोन्हीकडून एकच मागणं, थोडं कमी बघितलं म्हणा. बाजू फक्त वेगळ्या.

नितीनला विचारलं, तू काय करशील? तो म्हणाला, मी मुळात हात वरच केला नसता. जेवताना हे बोलला. भाजी वाढून घेतली.

५ जून, शुक्र.
वैशालीचा फोन. इतक्या दिवसांनी. लंच टाइमला, मी डबा उघडत होते. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही, मागे लिफ्टचा आवाज, म्हणजे वरच्याच मजल्यावरून करत होती.

वकील काय म्हणाला ते मला ठाऊक आहे, म्हणाली. मी त्याला तसं सांगायला लावलेलं नाही. मेश्रामांनी लावलं असेल.

मी विचारलं, तुला काय हवंय?

"मला माझी मुलगी तिथे जायला हवी आहे, जिथे ती जाणार होती."

मग आवाज खाली करून, "चारबद्दल विचारतीलच ते. तेव्हा प्रज्ञा कोर्टात बसलेली असेल. तिनेच ठरवलंय, मी नको म्हटलं होतं. तुला माहीत असावं म्हणून फोन केला."

मी काही म्हणायच्या आत फोन ठेवला. परत लावला तर बिझी.

डबा तसाच घरी आणला. कोर्टाची तारीख जुलैत आहे. समन्स अजून आलेलं नाही.