दारावरचा रूळ

लातूर,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्का हिस,
धाकट्या उमाशंकरचा शि. सा. शरणार्थ वि. वि.

पत्र पाहून नवल करू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागलो की शेजारी खिडक्या लावून घेतात, असं मंजुश्री म्हणते.

बातमी अशी, की आपली छोटी गाडी पुन्हा सुरू होतेय. बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी तुमच्या जुन्या गावठाणापासून चांदोरी स्टेशनापर्यंतची वाट शाबूत निघाली. बाभळी तोडल्या, इंजिनाला रंग दिला. एक मेपासून लोक हौसेनं बसायला येतील. रिटायर झाल्यावर मी समितीचा सचिव झालोय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मंजुश्री म्हणते, घरात कुणी ऐकत नाही म्हणून यांनी समिती धरली.

आता काम सांगतो. स्टेशनात लहानसं संग्रहालय करतोय. कारखान्याचं नाव आणि साल उठवलेला रूळ सगळ्या मार्गावर एकच राहिलाय, तो तुमच्यासमोरच्या किशनच्या दारावर, तुळईच्या जागी. मार्ग बंद पडल्यावर त्याच्या वडिलांनी लिलावात घेतलेला. मी दोनदा गेलो. त्यानं चहा पाजला, हरभऱ्याच्या गोष्टी केल्या आणि वाटेला लावलं. रूळ मिळेल असं मी सगळ्यांना सांगून बसलोय गं. त्याची बायको साखराबाई तुझा शब्द खाली पडू देणार नाही. का, ते तुला सांगायला नको. एवढं धाकट्यासाठी कर.

तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
उमाशंकर

---

१० फेब्रुवारी २०२५

चि. उमाशंकर यास,
शिवकांताचे अनेक आशीर्वाद.

याच गाडीत तू दर खेपेला ओकायचास आणि माझा परकर खराब व्हायचा. तोच तू आता लोकांना हौसेनं बसवणार. असो.

रूळ येत्या सोमवारी गावातल्या व्यंकटच्या ट्रॅक्टरमधून येईल. तुला आनंद होईल. मला झालेला नाही, आणि का ते तुला कळलं पाहिजे.

भूकंपात जुन्या गावातलं किशनचं घर पडलं, पण दारावरचा रूळ हलला नाही. त्याच्याखालच्या पोकळीत साखरा चार महिन्यांच्या सत्यशीलेला पोटाशी धरून होती, म्हणून दोघी निघाल्या. माझा दीड वर्षाचा, अंगावर पिणारा मल्लिनाथ भिंतीखाली गेला. पाय चिरडल्यानं साखरा तीन महिने दवाखान्यात होती. पोर भुकेनं रडत होती आणि माझा पदर ओला होत होता. मी तिला पाजलं. त्यात उपकार कसला? तिनं मला जगवलं म्हण हवं तर. पोरीला हे कधी सांगायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. एवढ्या वर्षांत मी एका शब्दानं ते काढलं नाही.

नव्या गावात किशननं तोच रूळ बैलगाडीतून आणून नव्या दारावर बसवला. दर दसऱ्याला साखरा त्याला हळदकुंकू लावते. मी तिच्याकडं गेले आणि आधी तुझ्या अब्रूचा प्रश्न आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, अक्का, दुसरं काय बी मागा, पण त्यो रूळ नगा मागू, त्याच्याखाली हाय म्हणून मला झोप लागती. तिथं मी उठायला हवं होतं. पण धाकटा भाऊ, धाकटा भाऊ हेच माझ्या डोक्यात. मी म्हणाले, तुझं लेकरू माझ्यासमोर आणलं तेव्हा मी नाही म्हणाले होते का.

माझ्याच तोंडून गेलं, उमा. ती उठली, रुळाला हळदकुंकू लावलं आणि किशनला भिंत फोडायला सांगितली. किशननं तिथं सिमेंटची तुळई टाकलीय, घर पक्कं आहे. तरी ती रोज अंगणात बाज टाकून झोपते. माझ्याकडं यायची ती बंद झाली. मी हाक मारली तर ओ देते, तेवढंच.

एक मेचं तुझं उद्घाटन झालं की तो रूळ जसाच्या तसा परत पाठव. हे मी विचारत नाही, सांगतेय.

मंजुश्रीला आशीर्वाद. बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
अक्का

---

लातूर,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस,
शि. सा. शरणार्थ वि. वि.

तुझं पत्र वाचलं. कसं लिहावं ते सुचत नाही, म्हणून सरळच लिहितो. तुझं पत्र टपालात रखडलं, ते पोचायच्या आधीच रूळ कापला गेला होता. काचेच्या कपाटात मावत नाही म्हणून अक्षरं असलेला हातभर तुकडा तेवढा ठेवला. कापायच्या कागदावर सही माझीच आहे. मोठं कपाट करा, एवढं म्हणायचं होतं, पण तेही मला सुचलं नाही. उरलेला भाग भंगारात गेला. मी भंगारवाल्याकडं धावलो, तर त्याची गाडी जालन्याच्या भट्टीकडं निघून गेली होती.

तो रूळ म्हणजे साखराबाईंना काय, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणून सुटलो असतो. पण तुझा शब्द त्या टाळणार नाहीत हे मला ठाऊक होतं आणि त्यावरच मी डाव लावला. तुझ्या तोंडून गेलं म्हणतेस, पण ते वदवलं मी.

कपाटावर साखराबाईंच्या नावाची पाटी लावतो. तुकडा हवा तर तोही आणून देतो, समितीला काय वाटायचं ते वाटो. फक्त त्यांना आत्ताच सांगू नकोस, उद्घाटन होऊन जाऊ दे. हे लिहितानाही मला लाज वाटतेय.

रागावलीस तरी दार लावू नकोस.

तुझा,
उमाशंकर

---

४ एप्रिल २०२५

चि. उमाशंकर यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पाडव्याला सत्यशीला नांदेडहून आली होती. आई अंगणात का झोपते म्हणून ती बापाशी भांडली, तेव्हा किशननं रागाच्या भरात तिला सगळं सांगितलं. कुणी कुणाला पाजलं आणि कशाच्या बदल्यात काय मागून नेलं, सगळं. पोर तशीच माझ्याकडं आली. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आणि बोलावंच. तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि मला आई म्हणाली. मल्लिनाथ गेल्यापासून तो शब्द मला कुणी म्हटला नव्हता. धरणीनं पोटात घ्यावं, असं आपल्याकडं भूकंपानंतर कुणी तोंडानं म्हणत नाही. त्या घडीला मला मात्र तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साखराकडं गेले. उद्घाटन होईपर्यंत थांबायचं तुझं सांगणं मी ऐकलं नाही. रूळ कापला, भट्टीत गेला, हातभर उरलाय, तो माझा भाऊ आणून देतो म्हणतोय, असं सगळं तिला सांगितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते त्या दिवशी.

ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, बरं झालं अक्का. राहू द्या त्यो तिकडंच. परत आला असता तर मी पुन्हा तुमची देणेकरी झाले असते. आता फिटलं.

उमा, मी तिला देणेकरी कधीच समजले नव्हते. आयुष्यात एकदाच तसं बोलले आणि तिनं तेवढंच धरलं.

पाटीवर तिचं नाव घालू नकोस, माझंही नको. एक मेला मला न्यायला गाडी पाठवू नकोस, मी येणार नाही. तुला मी टाकलेलं नाही. पण लोभ असू दे असं लिहायला आता माझा हात धजत नाही. तो मागायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

तुझी,
अक्का