तोंडगेरेच्या दगडावरचा आठ

मी, कुमारी पंकजाक्षी, वडील कै. सुब्बनरसय्या, वय चौऱ्याहत्तर, धंदा तोंडी गणित, राहणार सरस्वतीपुरम, मैसूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. दडपण आणणारे पुष्कळ झाले. त्यांची नावे पुढे येतीलच.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. श्रीनिधी यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. दोनवर आल्यावर ते म्हणाले, "पुरे."

"पुरे कसे? पुढे उणे पाच आहे की," मी म्हटले आणि चालू राहिले. डॉक्टर घरी जाऊन जेवून आले तेव्हा मी उणे वीस हजारांच्या खाली उतरले होते. "अम्मा, सही करतो, पण आता थांबा," असे त्यांनी हात जोडून म्हटले. दाखला असा मिळाला आहे.

कलम १. आधी माझ्या डोक्याचे. परदेशातले एक प्राध्यापक फितीने माझे डोके मोजून गेले आणि माझ्यामागे ते बरणीत घालून मिळावे असा त्यांचा अर्ज आहे. मिळणार नाही. डोके बाकीच्या देहाबरोबर चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी जाळावे. प्राध्यापकांना माझा चष्मा द्यावा.

कलम २. प्रत्येक सत्कार समितीने मला गणकयंत्र भेट दिले आहे. पैलवानाच्या सत्काराला कुबडी द्यावी, तसला हा प्रकार. कपाटभर साठलेली ही सगळी यंत्रे मी माझा भाचा नागभूषण याला देते. दोन नारळांची किंमत तो माझ्या डोळ्यांदेखत मोबाइलवर करतो. यंत्रांपैकी दोनच चालतात. कोणती, ते त्याने शोधावे. "अत्ते, जागा बिल्डरला दिलीस तर तुलाही वर एक फ्लॅट," असे तो मला दर रविवारी सांगतो. मला वर जायची घाई नाही.

कलम ३. माझ्याकडे स्वयंपाक करणारी पुट्टम्मा हिला सगळी भांडी, कॉफीचे फिल्टर आणि सत्कारात मिळालेल्या जरीच्या मैसुरी पगड्या. त्या पुरुषांच्या मापाच्या असल्याने माझ्या नाकापर्यंत येत. इडलीचे पीठ थंडीत फुगत नाही तेव्हा पुट्टम्मा भांड्याला पगडी घालते, आणि ते भांडे माझ्यापेक्षा रुबाबदार दिसते. आयुष्यभर ज्याने त्याने मला भेटताच आकडा फेकला. पुट्टम्माने आजवर एकच प्रश्न विचारला, "अम्मा, जेवण झालं का?" त्याचे उत्तर मला नेहमी द्यावेसे वाटले.

कलम ४. आता घर. हे नीट वाचावे.

माझे वडील नाटक मंडळीचे व्यवस्थापक होते. दोन अंकांच्या मध्ये, लोक भजी खायला उठू नयेत म्हणून, ते मला रंगमंचावर उभी करत. गावातले गणिताचे मास्तर गुणाकार घालत, आधीच करून ठेवलेले उत्तर फळ्यावर लिहीत आणि फळा नाटकातल्याच पडद्याने झाकत. मी उत्तर सांगायचे, मग पडदा वर. तोंडगेरे गावी मी बारा वर्षांची असताना श्री. रंगनाथय्या या नव्या कोऱ्या मास्तरांनी घातले: ७४६३ गुणिले ८५२९. मी म्हटले सहा कोटी छत्तीस लाख एक्कावन्न हजार नऊशे सत्तावीस. पडदा वर गेला. फळ्यावर आठशे सत्तावीस!

लोकांनी फेटे उडवले. माझ्या सत्काराची शाल मास्तरांच्या खांद्यावर गेली. मी वडिलांच्या कानात म्हटले, "अप्पा, त्यांचं चुकलंय."

"लोकांनी तिकीट काढलंय," वडील म्हणाले. "पडदा वर गेल्यावर जे दिसतं ते खरं. पड पाया."

मी पडले. कै. सुब्बनरसय्या यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. ते वारले आहेत, तरी नोंद असावी.

तोंडगेरेकरांनी शाळेच्या दारात दगड उभा केला. 'येथे गणिताने चमत्काराला हरवले' आणि खाली ते उत्तर, त्या आठासकट. परीक्षेला जाताना मुले त्याला हळदकुंकू लावतात. त्या शाळेचा गणिताचा निकाल का लागत नाही, याचे मला नवल वाटत नाही.

मास्तर पुढे बदली होऊन माझ्याच गल्लीत राहायला आले आणि रोज संध्याकाळी कॉफीला येऊ लागले. बायको गेल्यावर काही वर्षांनी त्यांनी मला मागणीही घातली. मी म्हटले, "आधी तो आठ मागे घ्या." ते म्हणाले, "पंकजम्मा, दगडावरचं कसं मागे घेऊ? गाव काय म्हणेल?" दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉफीला हजर. मी चिडत असे, आणि त्यांना यायला उशीर झाला की त्याहून जास्त चिडत असे.

आता त्यांचे घरमालक त्यांना खोली सोडायला सांगत आहेत. वय एक्क्याऐंशी, जाणार कुठे? सबब हे घर मी श्री. रंगनाथय्या यांना देते. अट एकच: त्यांनी त्या दगडासमोर, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी, तो गुणाकार मोठ्याने पुन्हा करावा. न केल्यास घर नागभूषणला, म्हणजे बिल्डरला.

कलम ५. हे आयत्या वेळी वाढवत आहे. दुसरा साक्षीदार म्हणून वकिलांचा कारकून येणार होता. तो मेहुण्याच्या लग्नात जेवायला बसला तो उठलाच नाही. तेवढ्यात मास्तर कॉफीला आले आणि न विचारता कागद वाचू लागले. कलम चार त्यांनी दोनदा वाचले. मग म्हणाले, "पेन द्या. साक्षीदार मी होतो."

वकील केंपय्या ओरडले, "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही! घर जाईल!"

"ठाऊक आहे."

मी म्हटले, "मास्तर, वेड लागलंय का? राहाल कुठे?"

ते म्हणाले, "घर घेऊन कबूल केलं, तर तुम्हीच म्हणाल घरासाठी केलं. तुम्हाला मी चांगला ओळखतो, पंकजम्मा."

मला रडू आले. बुद्धी तरीही शाबूत आहे. डॉक्टर समोरच बसले आहेत.

सबब कलम चारमधली घराबाबतची तरतूद, नागभूषणच्या वाट्यासकट, रद्द. घर पुट्टम्माला. तिने ते कुणालाही विकू नये. तिथे कुणाला ठेवावे ते तिने ठरवावे. तिला विचारले तर म्हणाली, "मास्तरांना कुठं घालवू? राहतील की मागच्या खोलीत. पण पगडीला हात लावायचा नाही."

ठिकाण मैसूर. बुधवार, ९ नोव्हेंबर २०११. वार पंचांग न पाहता लिहिला आहे.

सही: पंकजाक्षी

साक्षीदार पहिले: डॉ. श्रीनिधी. (आकडे न विचारता सही केली आहे.)

साक्षीदार दुसरे: रंगनाथय्या, निवृत्त गणित शिक्षक. दशकाच्या घरात सहा आणि सहा बारा. दोन लिहिले, हातचा एक घ्यायचा राहिला. उत्तर ६,३६,५१,९२७. मला ते त्याच रात्री, शाल घडी करताना कळले होते.